पन्नास रुपये दंड आहे ना फक्त? कुत्र्यांच्या झुंजींबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळी नेहमीसारखे पाच-सहा वेगवेगळे विषय घेत नाहीये. महिनाभरात आलेल्या पत्रांत आणि मेसेजेसमध्ये कुत्र्यांच्या झुंजींबद्दल इतकं आलंय की सगळं सदर त्यालाच देतेय. दोन पत्रं वाचून रात्री झोप लागली नाही. नावं, गावं कुणाचीच छापत नाहीये, काळजी करू नका.

ताई, आमचं गावाबाहेर तीन एकर शेत आहे, त्यात शेतघर आणि पत्र्याची मोठी शेड. मिस्टरांनी ते शहरातल्या काही मुलांना रविवारी पार्टीसाठी भाड्याने द्यायला सुरुवात केली. मागच्या सोमवारी मी झाडायला गेले तर शेडमध्ये मातीवर रक्त, तुटलेला पट्टा, भिंतीला पण शिंतोडे. शेजारच्या वस्तीवरची बाई म्हणाली की तिथे कुत्र्यांच्या झुंजी लावतात, बघायला माणशी पैसे घेतात. मिस्टर म्हणतात आपण फक्त जागा दिली, आपला काय संबंध. खरंच संबंध नाही का? — एक वाचक, पुणे जिल्हा

संबंध आहे, आणि थेट आहे. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा आपला कायदा १९६० चा आहे, त्यातलं कलम ११(१)(एन) नीट समजून घ्या. प्राण्यांच्या झुंजीसाठी जागा चालवणारा, तिचा कारभार बघणारा, त्यासाठी जागा वापरू देणारा किंवा देऊ करणारा, आणि बघायला येणाऱ्यांकडून आत सोडायचे पैसे घेणारा, हे सगळे त्या एकाच कलमात येतात. कुत्रा कुणाचा, साखळी कुणाच्या हातात, याच्याशी या कलमाला घेणंदेणं नाही. तुमच्या मिस्टरांचा कुत्र्याशी संबंध नसेल पण शेडशी आहे ना, तेवढं पुरतं.

आता यातली एक गोष्ट वकिलांना सुद्धा पटकन आठवत नाही म्हणून सांगते. या कायद्यातले कलम ११ चे बहुतेक गुन्हे अदखलपात्र आहेत, म्हणजे पोलीस नुसती एनसी घेतात आणि सांगतात कोर्टात जा. पण कलम ३१ मध्ये काही गुन्हे मुद्दाम दखलपात्र केलेत आणि त्यात हे (एन) आहे. म्हणजे जागा देणाऱ्यावर आणि झुंज भरवणाऱ्यावर पोलीस थेट एफआयआर घेऊ शकतात, तपास करू शकतात, कोर्टाची परवानगी काढत बसायची गरज नाही. गंमत म्हणा की दुर्दैव म्हणा, कुत्र्याला छू करून दुसऱ्यावर सोडणारा माणूस (एम) या खंडात येतो आणि तो गुन्हा मात्र दखलपात्र यादीत नाही. त्यामुळे पोलिसांच्या हाताला सगळ्यात आधी लागतो तो जागावाला.

शिवाय झुंज म्हटली की पैज आली. पैसे लागत असतील तर महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायदा, १८८७ चा, तो पण लागू होऊ शकतो आणि मग तुमचं शेतघर कागदावर जुगाराचा अड्डा ठरू शकतं. तो कायदा प्रत्येक ठाणे अंमलदाराला पाठ असतो.

म्हणून काय करायचं ते सांगते. मिस्टरांना आत्तापर्यंत माहीत नव्हतं असं आपण धरून चालू. पण आजपासून माहीत आहे, आणि कायद्याच्या नजरेत फरक इथेच पडतो. पुढच्या रविवारचं भाडं घेतलं असेल तर परत करा, नाही म्हणून मेसेजवर लेखी कळवा. शेड धुवू नका, तुम्ही झाडायला गेलात आणि थांबलात हे फार बरं केलंत. पट्टा, पट्टी, औषधाच्या बाटल्या, सिरिंज जे काही पडलंय ते तसंच राहू द्या, फोटो काढा, आणि दोघांनी मिळून पोलीस स्टेशनला जाऊन स्वतःहून माहिती द्या. शेतात कुठे नवीन खणलेलं दिसतंय का तेही बघा, हे लिहिताना मला पण बरं वाटत नाहीये, पण हरलेल्या कुत्र्याचं पुढे काय होतं हे माहीत असल्यामुळे सांगतेय. स्वतः उकरू नका, पोलिसांना दाखवा, पोस्टमॉर्टेम होऊ शकतं.

भाड्याचे पैसे जातील म्हणून मिस्टर चिडतील. चिडू द्या.

ताई मी १९ वर्षांचा आहे. माझ्याकडे दोन वर्षांचा पिटबुल आहे, रॉकी. आमच्या एरियात एक ग्रुप आहे ते 'मॅच' लावतात, मला रोज मेसेज करतात की रॉकीला आण, जिंकला तर पंचवीस हजार. मला नाही आणायचा पण ते म्हणतात घाबरतोस काय, कायद्यात पन्नास रुपये दंड आहे फक्त, आणि पिटबुलच्या रक्तातच असतं, त्याला लढायला आवडतं. खरं आहे का?

तू मला विचारलंस म्हणजे उत्तर तुला अर्धं माहीत आहे बाळा. पण तुझ्या मित्रांना तोंडावर सांगता यावं म्हणून नीट लिहिते.

पन्नास रुपयांचं खरं आहे. पहिल्या गुन्ह्याला कमीत कमी १० आणि जास्तीत जास्त ५० रुपये. तीन वर्षांच्या आत पुन्हा केला तर २५ ते १०० रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. यातले वरचे, पन्नास आणि शंभरचे आकडे १९६० चे आहेत, तेव्हापासून हललेले नाहीत. हा कायदा व्हावा म्हणून नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत स्वतः खासगी विधेयक आणलं होतं, नेहरूंनी सरकारच कायदा करेल असं सांगितल्यावर त्यांनी ते मागे घेतलं आणि मग काही वर्षांनी हा कायदा झाला. त्या काळात पन्नास रुपये गरीब माणसाचा महिना होता, आज त्यात दोन वडापाव आणि चहा येतो. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्राने दंड आणि शिक्षा वाढवणारा दुरुस्तीचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी ठेवला, मी पण सूचना पाठवल्या होत्या, पण हे लिहीपर्यंत कोर्टात ते १० ते ५० रुपयेच चालू आहेत. मला याची लाज वाटते.

पण तुझे मित्र अर्धीच गोष्ट सांगतायत. झुंजीत कुत्रा मेला किंवा कायमचा लंगडा, आंधळा झाला तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लागू शकतं, प्राण्याला मारणं किंवा निकामी करणं, त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. हे कलम १ जुलै २०२४ पासून आहे, आधी दंड संहितेत ४२८ आणि ४२९ होती आणि त्यात प्राण्याची किंमत दहा रुपये की पन्नास रुपये यावर शिक्षा ठरायची, आता ती किंमतीची भानगडच काढून टाकलीय. दुसरं, जुगार कायद्याचं कलम १२. सार्वजनिक जागी पक्षी किंवा प्राणी झुंजवणाऱ्याला पोलीस वॉरंटशिवाय पकडू शकतात, आणि तिथे उभं राहून त्याला मदत करणाऱ्याला सुद्धा. तिसरं, पंचवीस हजार जो देतो तो माणूस झुंज भरवतोय, म्हणजे वर लिहिलेलं (एन). आणि चौथं, जे तुला सगळ्यात जास्त लागेल, मालक दोषी ठरला तर कलम २९ खाली कोर्ट रॉकीला तुझ्याकडून काढून घेऊ शकतं. एफआयआर नावावर लागली तर पासपोर्टपासून नोकरीच्या पोलीस व्हेरिफिकेशनपर्यंत प्रत्येक ठिकाणी तो कागद समोर येतो. पन्नास रुपयांत हे सगळं मोजलंय का त्यांनी?

आता रक्तात असतं त्याबद्दल. हे मला नेहमी ऐकावं लागतं. बुलडॉग आणि टेरियरचा संकर करून झुंजीचे कुत्रे इंग्लंडमध्ये तयार केले गेले. तिथे आधी बैलावर आणि अस्वलावर कुत्रे सोडायचे, १८३५ ला कायद्याने बंदी आली, बंदी कुत्र्यांच्या झुंजीवर पण होती, पण बैल लपवता येत नाही आणि दोन कुत्रे तळघरात लपवता येतात, म्हणून हा प्रकार वाढला. म्हणजे माणसांनी पिढ्यानपिढ्या निवडून निवडून हा जोर कुत्र्यात आणला, आणि अजूनही जो कुत्रा स्वभावाने गरीब असतो त्याला मारून, उपाशी ठेवून, साखळीला बांधून, छोटी कुत्री अंगावर टाकून तयार करावं लागतं. आपोआप लढायला आवडत असतं तर एवढे कष्ट कशाला घेतले असते? गल्लीतली दोन कुत्री भांडतात तेव्हा बघ कधी, गुरगुर होते, केस उभे राहतात, एक जण शेपूट खाली घालतो, मान वळवतो, संपलं. कुत्र्यांची भांडण मिटवायची भाषाच आहे ती. झुंजीच्या आखाड्यात हरलेल्याला पळायला जागा नसते आणि जिंकणाऱ्याला थांबू देत नाहीत, सगळं क्रौर्य तिथे आहे.

आणि मरण लगेच येत नाही हे तुला कुणी सांगितलं नसेल. रक्त जाऊन, शॉकमध्ये जाऊन, जखमा पिकून कुत्रा काही तासांनी, कधी दोन-तीन दिवसांनी जातो. डॉक्टरकडे नेलं तर विचारतील म्हणून नेत नाहीत, घरीच सुईदोऱ्याने शिवतात, भूल न देता. मी एका शेल्टरवर रविवारी जाते, तिथे असा एक आलेला, गालाला चक्क गोणी शिवायच्या दोऱ्याचे टाके होते. मी तेव्हा त्याच्या डोक्यावर हात ठेवला तर त्याने हात चाटला. मला आजही ते आठवलं की बोलता येत नाही.

ग्रुपमधून लगेच बाहेर पडू नकोस, आधी मेसेज, नंबर, तारखा, ठिकाणं यांचे स्क्रीनशॉट काढून ठेव, मग मोठ्या कुणाला, वडिलांना किंवा मामाला बरोबर घेऊन तक्रार कर, कशी करायची ते खाली नागपूरच्या पत्राच्या उत्तरात आहे. रॉकीला काही दिवस एकट्याने बाहेर बांधू नकोस, असे कुत्रे चोरीला जातात. आणि त्याची नसबंदी करून घे.

आम्ही जुन्नरकडचे मेंढपाळ. आमच्या कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा असतो, बिबट्याने मान धरू नये म्हणून. परवा एका पर्यटकाने व्हिडिओ काढला आणि म्हणाला हे झुंजीचे कुत्रे आहेत, केस होईल. होईल का?

नाही होणार दादा. (एम) खंडात शब्द आहेत, निव्वळ करमणुकीसाठी प्राण्याला दुसऱ्या प्राण्याशी झुंजायला लावणं. तुमचा कुत्रा वाड्याची राखण करतोय, त्याला कुणी बिबट्यावर सोडत नाहीये, बिबट्या स्वतः येतोय. खिळे बाहेरच्या बाजूला आहेत, आत चामडं किंवा कापड आहे आणि मानेला जखम होत नाही एवढं बघा. हां, कुत्री घेऊन रानडुकराच्या किंवा सशाच्या मागे जाणारी पोरं असतील तुमच्या वस्तीत तर त्यांना मात्र आवरा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये शिकारीच्या व्याख्येत पाठलाग करणं, हाकारणं हे पण येतं, आणि तिथली शिक्षा पन्नास रुपये नाही, वर्षांत मोजतात.

बैलगाडा शर्यती पुन्हा सुरू झाल्या, कोर्टाने परवानगी दिली. मग कुत्र्यांनाच काय वेगळा न्याय? परंपरा तर दोन्हीकडे आहे. — सांगली

तुम्ही थोडं रागाने लिहिलंय पण प्रश्न बरोबर आहे, कारण हीच गोष्ट झुंज भरवणारे पोलिसांना पण ऐकवतात.

७ मे २०१४ ला सुप्रीम कोर्टाने ए. नागराज खटल्यात जल्लीकट्टू आणि बैलगाडा शर्यती दोन्ही बंद केल्या, तेव्हा त्याच निकालात सरकारांना आणि भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाला सांगितलं की प्राण्याचा सांभाळ करणाऱ्याने त्याला माणसाशी किंवा दुसऱ्या प्राण्याशी झुंजायला लावू नये हे बघा. पुढे महाराष्ट्राने २०१७ ला कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली, तशीच तमिळनाडू आणि कर्नाटकने केली, आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने त्या दुरुस्त्या टिकवल्या. पण आपली दुरुस्ती बैलगाडा शर्यतीपुरती आहे, तीही अटी घालून. झुंजीला त्यात दारच नाही. शर्यतीबद्दल माझी मतं वेगळी आहेत, ती पुन्हा कधीतरी, पण शर्यतीत बैलाने बैलाला फाडायचं नसतं एवढा फरक तर तुम्हालाही मान्य व्हावा.

गोव्याचं उदाहरण बघा ना. तिथे धिर्यो, म्हणजे बैलांच्या टकरी, गावाच्या जत्रेशी आणि फेस्ताशी जोडलेल्या, परंपरा म्हणाल तर आपल्यापेक्षा कितीतरी पक्की. तरी मुंबई हायकोर्टाने १९९६ ला त्यावर बंदी आणली, कायदेशीर करा अशी मागणी तिथे आजही होते, आणि लपून लावतात तेव्हा पोलीस केस करतात. कोंबड्यांच्या झुंजीचं कोकणात आणि विदर्भाच्या टोकाला तेच. आणि कुत्र्यांच्या बाबतीत तर परंपरा कुठली काढणार? आपली लातूर-सोलापूरकडची कारवानी कुत्री शिकारीला आणि राखणीला पाळलेली, धनगराची कुत्री मेंढरांसाठी. बुली, डोगो, पिटबुल आणून फार्महाऊसवर पैजा लावणं हे कुणाच्या आजोबांनी केलेलं नाही.

आमचा मुलगा अमेरिकेत शिकायला आहे. रूममेट त्याला एका ठिकाणी घेऊन गेला तिथे कुत्र्यांची फाईट होती. तो म्हणतो मी फक्त बघत होतो, दहा मिनिटात निघालो. आम्हाला फार काळजी वाटतेय.

काळजी करण्यासारखंच आहे, पण घाबरून चुकीचं काही करू नका.

तिथे नुसतं बघणं हा पण गुन्हा आहे. २०१४ पासून तिथल्या केंद्रीय कायद्यात झुंज बघायला जाणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद आहे आणि सोळा वर्षांखालच्या मुलाला बरोबर नेलं तर तीन वर्षांपर्यंत. झुंज लावणाऱ्याला, कुत्रा त्यासाठी पाळणाऱ्याला, विकणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत. शिवाय प्रत्येक राज्याचा आपला कायदा वेगळा, आणि २००८ पासून पन्नासच्या पन्नास राज्यांत झुंज हा गंभीर गुन्ह्यात मोजतात. परदेशी विद्यार्थ्याच्या बाबतीत व्हिसाचा प्रश्न यात गुंततो, म्हणून मुलाला सांगा की कुणाशीही फोनवर, मेसेजवर यावर बोलू नकोस, आधी तिथल्या वकिलाला भेट. बऱ्याच विद्यापीठांत विद्यार्थ्यांसाठी कायदेशीर मदतीचं ऑफिस असतं, तिथून सुरुवात करता येईल. वकिलाच्या सल्ल्याने त्याने जागेची माहिती पोलिसांना द्यावी असं मला मनापासून वाटतं. आणि त्या रूममेटबरोबर राहू नये.

अमेरिकेत हे इतकं कडक झालं त्यामागे एक खटला मोठा आहे. मायकेल विक म्हणून फुटबॉलचा, त्यांच्या फुटबॉलचा, फार मोठा खेळाडू होता. एप्रिल २००७ मध्ये व्हर्जिनिया राज्यात त्याच्या मालकीच्या जागेवर पोलीस गेले ते त्याच्या एका नातेवाईकाच्या ड्रग्जच्या चौकशीसाठी, आणि तिथे सापडले पन्नासच्या आसपास पिटबुल, रक्ताचे डाग, झुंजीची सगळी सामग्री. पुढे कबुलीत आलं की जे कुत्रे नीट लढत नव्हते त्यांना फाशी देऊन, पाण्यात बुडवून मारलं होतं. डिसेंबर २००७ मध्ये त्याला २३ महिन्यांची शिक्षा झाली, आणि कुत्र्यांच्या सांभाळासाठी जवळजवळ दहा लाख डॉलर भरायला लावले. आधी अशा कुत्र्यांना सरसकट मारूनच टाकायचे, की हे आता माणसाळणार नाहीत म्हणून. या खटल्यात पहिल्यांदाच एकेक कुत्रा वेगळा तपासला, आणि चाळीसहून जास्त कुत्रे वाचले, काही शेल्टरला गेले, काही घरांत. काही तर पुढे हॉस्पिटलमध्ये पेशंटना भेटायला जाणारे कुत्रे झाले. मघाशी रॉकीच्या मालकाला लिहिलं ना रक्तात नसतं म्हणून, त्याचा पुरावा हा आहे.

इंग्लंडमध्ये कुणी नातेवाईक असतील तर तिथे २००६ चा प्राणी कल्याण कायदा आहे, झुंजीला हजर राहणं, पैज घेणं, जाहिरात करणं, झुंजीची सामग्री बाळगणं सगळं त्यात येतं आणि २०२१ पासून शिक्षा पाच वर्षांपर्यंत गेलीय.

मी व्हिडिओसकट तक्रार घेऊन पोलीस स्टेशनला गेलो. एनसी घेतली आणि म्हणाले कुत्र्यांची भांडणं आहेत, कोर्टात जा. दोन महिने झाले. आता काय? — नागपूर

दोन महिने झाले हे वाचून मी दचकले, म्हणून आधी ते. या कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे गुन्हा घडला त्या तारखेपासून तीन महिन्यांनंतर खटला भरता येत नाही. तुमच्या हातात जेमतेम महिना आहे. हा अंक हातात आला त्याच दिवशी हाला.

माझ्याही बाबतीत हे झालंय. काही वर्षांपूर्वी एका शहराबाहेरच्या प्लॉटवर झुंज होते अशी पक्की माहिती होती, मी स्वतः वकील, तरी ठाण्यावर मला कलम (एम) सांगून एनसीवर पाठवलं आणि मी त्या दिवशी (एन) वर अडून बसले नाही. आठ दिवसांनी गेले तर प्लॉट रिकामा, साखळ्यांचे खुंट तेवढे जमिनीत. तिथे किती कुत्रे होते, त्यांचं काय झालं, मला कधीच कळलं नाही. त्या चुकीमुळे हे इतक्या तपशिलात लिहितेय.

तर तक्रार नव्याने लेखी द्या, आणि त्यात 'कुत्र्यांची भांडणं' असं काहीही लिहू नका. लिहा की अमुक जागेवर प्राण्यांची झुंज भरवली जाते, जागा अमक्याच्या ताब्यात आहे, प्रवेशाचे पैसे घेतले जातात, पैजा लागतात, म्हणून कलम ११(१)(एन) आणि त्याला कलम ३१ लावून हा दखलपात्र गुन्हा आहे. जुगार कायदा पण लिहा. कुत्रा मेला किंवा जायबंदी झाला असेल तर न्याय संहितेचं ३२५. दखलपात्र म्हटल्यावर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ खाली एफआयआर घ्यावीच लागते. नाहीच घेतली तर तीच तक्रार पोस्टाने एसपी ऑफिसला किंवा शहरात असाल तर पोलीस आयुक्तांना पाठवा, पोचपावती जपून ठेवा, आणि त्यानंतरही काही झालं नाही तर कलम १७५(३) खाली मॅजिस्ट्रेटकडे अर्ज, आधी हेच १५६(३) म्हणून सगळ्यांना माहीत होतं. पुढची झुंज कधी आहे हे कळलं असेल तर कलम ३३ प्रमाणे लेखी माहितीवर मॅजिस्ट्रेट किंवा एसपी, आयुक्त झडतीचं वॉरंट काढू शकतात, हे बऱ्याच ठाण्यांत माहीत नसतं, तुम्ही कायद्याची प्रत बरोबर न्या. आणि झुंज चालू असताना कळलं तर ११२ ला फोन, स्वतः आत जाऊ नका, तिथे दारू असते, पैसे असतात, चिडलेली माणसं असतात.

व्हिडिओ मूळ फोनमध्येच ठेवा. व्हॉट्सॲपवर फिरवत बसू नका, एक तर त्याची क्वालिटी जाते, दुसरं म्हणजे ते बघून अजून चार जणांना पत्ता कळतो. कोर्टात तो चालवायला साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, वकील करून देतील. जिल्ह्यात प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटी असते, जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा पशुसंवर्धन उपायुक्तांकडे चौकशी केली की कळेल, त्यांना तक्रारीची प्रत द्या. काही ठिकाणी ती कागदावरच आहे, काही ठिकाणी एखादा अधिकारी असा भेटतो की दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन येतो.

आणि एक, तक्रारीत कुत्रे जप्त करा हे स्पष्ट मागा. कलम ३४ प्रमाणे कॉन्स्टेबलच्या वरचा कुठलाही पोलीस प्राणी ताब्यात घेऊन सरकारी पशुवैद्यकासमोर नेऊ शकतो. पंचनाम्यात प्रत्येक कुत्र्याच्या जखमा वेगवेगळ्या लिहून घ्या, तोंड, गळा, पुढचे पाय, छाती, आणि जुन्या-नव्या जखमा एकत्र आहेत का ते, कारण भटकताना एकदा झालेलं भांडण आणि परत परत लावलेली झुंज यातला फरक तिथेच दिसतो. कागदावर ही कुत्री 'मुद्देमाल' असतात, शब्द ऐकला की मला कसंतरी होतं, पण २०१७ च्या नियमांप्रमाणे खटला चालू असताना हा मुद्देमाल मालकाकडे न जाता शेल्टरला किंवा पांजरपोळात ठेवता येतो आणि सांभाळाचा खर्च आरोपीवर टाकता येतो. मालकाचा वकील पहिल्याच तारखेला ताबा मागतो, तेव्हा तुमच्या बाजूने कुणीतरी कोर्टात उभं पाहिजे, नाहीतर कुत्रा संध्याकाळपर्यंत परत त्याच साखळीला.

झुंजीतून सोडवलेली एक पिटबुल मादी शेल्टरमधून घरी आणायची इच्छा आहे. सोसायटीवाले म्हणतात या जातीवर बंदी आहे. आणि ती आमच्या मुलांना काही करणार नाही ना? — ठाणे

बंदी म्हणतायत ती १२ मार्च २०२४ च्या केंद्राच्या पत्राची गोष्ट असणार. त्यात २३ जातींची आयात, पैदास, विक्री थांबवा आणि आधीपासून असलेल्यांची नसबंदी करा असं राज्यांना कळवलं होतं. एप्रिल २०२४ मध्ये कर्नाटक हायकोर्टाने ते रद्द केलं, संबंधित लोकांना न विचारता काढलं म्हणून. सोसायटीला स्वतःच्या ठरावाने कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही, जीवजंतू कल्याण मंडळाचं २०१५ चं परिपत्रक आहे, त्याची प्रिंट सेक्रेटरींना द्या. पण तुमची जबाबदारी पण आहे, निष्काळजीपणामुळे तुमच्या कुत्र्याने कुणाला चावलं तर न्याय संहितेच्या २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. लिफ्टमध्ये, जिन्यात साखळी आखूड धरा.

मुलांबद्दल विचारलंत. झुंजीतले कुत्रे दुसऱ्या कुत्र्यांना घाबरलेले किंवा चिडलेले असतात, माणसांशी बरेचदा फार मऊ असतात, पण मी न बघता हमी देणार नाही. शेल्टरमध्ये तीन-चार वेळा जा, मुलांना एकदा न्या, तिच्या खाण्याजवळ कुणी गेलं तर ती काय करते ते तिथल्या लोकांना विचारा. लहान मूल आणि ती, दोघांना एका खोलीत एकटं कधीच सोडू नका, हे कुठल्याही जातीच्या कुत्र्याला लागू आहे. दुसरं कुत्रं घरात असेल तर नका आणू. रेबीजचं इंजेक्शन झाल्याचा कागद घ्या, नसबंदी झालीय का बघा, आणि चुकून कुणाला दात लागलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी दवाखान्यात, लस असली तरी.

पहिले काही आठवडे ती भिंतीकडे तोंड करून बसेल, हाक मारली तरी येणार नाही. तिला ओढू नका. आमच्या त्या गोणीच्या टाक्यांवाल्याला गवतावर पाय ठेवायला एकवीस दिवस लागले होते, आम्ही रोज संध्याकाळी त्याच्या शेजारी नुसते बसायचो, शेंगदाणे खात.